मंत्र १०७.२

११ मार्च २००३

आजपासून दूध संघाचं वायरलेस माझ्याकडे. शाळेत यंदा संस्कृतला एकही विद्यार्थी आला नाही, म्हणून संस्थेने मला संघाला उसना दिला. उसनी वस्तू लोक जपून वापरतात. तसा अनुभव येईलच.

संघात सध्या दूध सोडून सगळं आहे. जनावरं छावणीत, आणि त्यांच्या अंगात हाडांपलीकडे काही उरलेलं नाही. त्यामुळे दुधाचे टँकर धुऊन पुसून पाणी वाहतात. एक सेट माझ्या टेबलावर, एक इलियासच्या टँकरमध्ये, एक बद्रीनाथच्या, एक चेअरमनसाहेबांच्या जीपमध्ये आणि एक खापरवाडीच्या छावणीत. केंद्रस्थान मी.

चेअरमन माणिकराव म्हणाले, "गुरुजी, तुमचा आवाज लई खणखणीत हाय. कुनी कुठं जायचं ते तुमी सांगायचं. काम बरं झालं तर तीस तारखेच्या मीटिंगीत तुमाला संपर्क अधिकारी म्हनून कायम करू." तीस एप्रिल. लक्षात ठेवणे.

शिवाय मी बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर. म्हणजे बातमी घडवणार मीच, देणार मीच.

संकल्प: मोजकं बोलायचं.

१३ मार्च

कानठळ्या. दिवसभर खरखर, आणि तिच्या आतून माणसं. छावणीचा मुकादम ज्ञानोबा अखंड ओरडतो, "टँकर कुठंय? वो हापिस, टँकर कुठंय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. बद्रीनाथ मध्येच गाणं म्हणतो. शिष्टाचार शून्य.

घरी तक्रार केली. अंजना म्हणाली, "पाणी मागताना कोण नमस्कार करतं?" बायकोला व्यापक दृष्टी नाही.

१६ मार्च

सेटचं मॅन्युअल इंग्रजीत. चार शब्दकोश घेऊन बसलो. 'स्क्वेल्च' म्हणजे खरखर दाबणे. मी 'रवनिग्रह' असा प्रतिशब्द केला. समाधान वाटलं.

मग 'टाइम आउट टायमर'. बटण दाबून सलग एक मिनिट बोललं की सेट 'टूंऽऽ' असा सूर काढतो. पुढे दोन परिच्छेद होते, पण अन्वय लागल्यावर शब्द मोजत बसणं हे कच्च्या विद्यार्थ्याचं लक्षण. अर्थ उघड आहे. एक मिनिट सेट तापतो, वाट मोकळी होते, आणि टूंऽऽ म्हणजे पोच. आता मुद्दा सांगा.

तेव्हा आधी एक मिनिटाचं मंगलाचरण, मग आज्ञा. आपल्याकडे कोणत्याही सभेत असंच असतं. परदेशी लोकांनी ते यंत्रात बसवलं याचं कौतुक वाटलं.

श्लोकार्ध रचला: संघोऽयं जयतान्नित्यं दुग्धदाता जलप्रदः। दूध देणारा, पाणी देणारा हा संघ सदा विजयी होवो. 'दुग्धदाता' सध्या लागू नाही, पण अक्षरं नीट बसतात.

२० मार्च

मोठा शोध. सेटमध्ये गुप्त कोड आहेत! 'टोन स्क्वेल्च'. एक न ऐकू येणारा सूर आपल्या बोलण्याखालून जातो. ज्याच्याकडे तोच कोड त्याच्याशीच संबंध, बाकीचे बाद. ही तर सरळ दीक्षा झाली. मंत्र ज्याला दिला त्यालाच फळ.

कोड १०८ घ्यावा असा विचार होता. यंत्रात १०७.२ आहे आणि एकदम ११०.९. थोडक्यात हुकलं त्यांचं. १०७.२ घेतला.

मंत्र फक्त इलियासच्या सेटला दिला. इलियास विश्वासू आहे आणि बातम्या आणतो. एक नियम मॅन्युअलमध्ये ठळक छापलाय: बोलणं झालं की माइक लगेच हुकावर टांगायचा. माइक हुकावर असेल तोवरच मंत्र जागृत. उचलला की सोवळं मोडलं. मी बोलून होताच टांगतो. क्षणाचाही विलंब नाही.

अंजनाला समजावून सांगितलं. ती भाकरी थापताना म्हणाली, "म्हणजे कानात बोळे घातलेत तुम्ही. तुमचा आवाज जायचा तो जाणारच की बाहेर." यंत्रशास्त्र स्वयंपाकघरातून कळत नसतं.

२२ मार्च

रामराज्य. मंत्र लावल्यापासून सेट शांत. ज्ञानोबा गप्प, बद्रीनाथचं गाणं बंद. माझ्या एका मंगलाचरणाने माणसं किती सुधारली! सकाळी पूर्ण मिनिट बोललो, टूंऽऽ झालं, आज्ञा दिल्या, माइक टांगला. एकाचाही उलट शब्द नाही.

बातमी पाठवली: 'टंचाई निवारणात दूध संघ अग्रेसर. वायरलेसवर एकही तक्रार नाही. आमच्या वार्ताहराकडून.'

२९ मार्च

बातमी आली. कात्रण सेटच्या बाजूला चिकटवलं.

आज इलियासला युसूफ वडगावला जायला सांगितलं होतं, तो नांदूरघाटला गेला. विचारलं तर म्हणतो, "गुरुजी, जावा कुठं ते तुमी बोल्लेच न्हाई. तुमी श्लोक म्हनला, चेअरमनसाबला नमस्कार घातला, अन् मशीन गप. मग मी रोजच्या गावाला गेलतो." मी हसलो. ड्रायव्हर माणसं. आज्ञेपर्यंत लक्ष टिकत नाही.

उपाय: मंगलाचरण अधिक आकर्षक करणे.

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. संघाच्या गुढीला साखरेची गाठी दोन वर्षांपूर्वीची आहे, मुंग्यासुद्धा आता तिला ओळखतात.

जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं, चेअरमनसाहेब गाडीतला सेट बंदच ठेवतात. का, तर श्लोक लागला की त्यांना झोप येते. संस्कृतचा हा गुण मी वर्गातही पाहिला आहे.

नवीन वर्षाचा संकल्प: वाईट वाटून घ्यायचं नाही.

७ एप्रिल

गंभीर. रोज दुपारी दोनच्या सुमाराला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, बद्रीनाथचा टँकर खापरवाडीच्या नावावर निघतो आणि चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत रिकामा होतो. इलियासने डोळ्यांनी पाहिलं. खापरवाडीला तीन दिवसांआड एक खेप, आणि मोसंबीला रोज. म्हणे झाडं जगवायची आहेत. माणसांना पाय असतात, ती पाण्याकडे जाऊ शकतात, असा त्यामागचा विचार असावा.

मी लगेच घणाघाती बातमी लिहिली. शीर्षक दिलं: 'पाणी कोणाच्या मुखी?' वाचून मलाच भरून आलं. पाठवणार तीस एप्रिलनंतर. आधी पाठवली तर लोक म्हणतील, पदाच्या लोभाने लिहिलं. नंतर पाठवली तर तसं कोणी म्हणू शकणार नाही. पत्रकारितेत वेळेला महत्त्व.

इलियासशी मंत्रावरून सगळं बोललो. दोनची वेळ, ओढ्याकडचा रस्ता, टँकरचा नंबर. खाजगीत मी मंगलाचरण करत नाही. घरच्या माणसाला कसला मानपान? सरळ मुद्द्याला हात घालतो. म्हटलं, हे आपल्या दोघांत. इलियास चाचरत म्हणाला, "गुरुजी, जरा हळू बोला. मला वाटतंय समदे ऐकत्यात." त्याला धीर दिला. मंत्र आहे बाबा.

१२ एप्रिल

खापरवाडीच्या सरपंच सिंधुबाई आल्या. हातात माझं बातमीचं कात्रण, घड्या पडून जीर्ण झालेलं. वाचकांना भेटून आनंद होतो, म्हणून चहा सांगितला.

चहाला हात न लावता म्हणाल्या, "गुरुजी, येकबी तक्रार न्हाई म्हनून छापलंत. आमी वायरलेसवर रोज बोंबलतोय. ज्ञानोबाचा घसा बसला. तुमी कावून उत्तर द्येत न्हाई?"

मी नम्रपणे सांगितलं, की माझ्या सेटवर तुमच्याकडून शब्दही आलेला नाही. म्हणाल्या, "आन् तुमचं तर आमाला समदं ऐकू येतंय." म्हटलं, मंगलाचरण ना? त्यांनी कात्रणाची घडी घातली. मग म्हणाल्या, "त्येबी." आणि हसू दाबत उठल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "वाडीवर म्हातारी मानसं वाटी वाटी पानी पितात गुरुजी. त्ये मातर हसण्यावारी न्यू नका."

छावणीचा सेट नादुरुस्त दिसतो. पत्र लिहायला हवं. अंजनाला सांगितलं तर ती नुसतंच म्हणाली, "बोळे." मी पत्राचा मायना लिहायला घेतला.

वाटी वाटी पाणी हे मनातून जात नाही. बातमी आणखी तीव्र केली. एक उद्गारचिन्ह वाढवलं.

१७ एप्रिल

आक्रीत. आज दुपारी दोन वाजता ओढ्याकडच्या रस्त्यावर खापरवाडीच्या बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. बद्रीनाथचा टँकर थांबवला, तोट्या उघडल्या, शांतपणे पाणी भरून घेतलं आणि घरी गेल्या. शिवीगाळ नाही, दगड नाही. बद्रीनाथ म्हणतो, "म्या तर स्टेरिंगवरच बसून व्हतो."

वेळ, रस्ता, टँकर, सगळं बरोबर. म्हणजे कोणीतरी फितूर!

चेअरमनसाहेबांनी बोलावलं. इतकं पांढरं पडलेलं मी त्यांना फक्त निवडणुकीच्या निकालाला पाहिलं होतं. "गुरुजी, कोन फुटला त्ये हुडका. तुमच्यावर भरवसा हाय." मी म्हटलं, तीस तारखेच्या आत. कायम होण्याचा मार्ग असा अचानक उघडतो.

वाडीला पाणी मिळालं याचा आनंद आहेच. पण शिस्त वेगळी आणि आनंद वेगळा.

१९ एप्रिल

तपास. संशयित: बद्रीनाथ (त्याची बहीण भिवराबाई खापरवाडीत दिली आहे), अंजना (पिठाच्या गिरणीत बोलते), आणि स्वतः इलियास. इलियासशी मंत्रावरून संशयितांची सविस्तर चर्चा केली, त्याचं स्वतःचं नाव वगळून. नाव वगळताना जरा अडखळलो, पण त्याला संशय आला नसावा. म्हणाला, "गुरुजी, तुमी खरंच लई मोठे मानूस हाय." आवाज जरा विचित्र होता. गहिवरला असेल.

अंजनाची उलटतपासणी घेतली. तिने मला गवारीच्या शेंगा निवडायला बसवलं.

२२ एप्रिल

माझी योजना चेअरमनसाहेबांना पसंत पडली. बागेची खेप दुपारी दोनऐवजी संध्याकाळी पाचला, ओढ्याकडून नाही तर माळावरच्या देवळाकडून. ही योजना फक्त तिघांना ठाऊक: चेअरमन, मी, आणि बद्रीनाथ. चौथा इलियास, कारण त्याला मंत्रावरून मीच सांगितलं. विश्वासू माणसाला अंधारात ठेवणं बरं नाही.

म्हणजे मी ज्या खेपेविरुद्ध बातमी लिहिली तिलाच वाट काढून देतोय, असं एखादा क्षुद्र माणूस म्हणेल. पण आत शिरल्याशिवाय पुरावा मिळत नाही.

२३ एप्रिल

पाच वाजता माळावरच्या देवळाजवळ घागरी.

सिंधुबाई तर पदर डोक्यावर घेऊन देवळाच्या सावलीत पान लावत बसल्या होत्या, असं बद्रीनाथ सांगतो. जणू एस. टी.ची वाट बघतायत. शत्रू माझ्या विचाराच्या एक पाऊल पुढे आहे. इतका कुशाग्र माणूस तालुक्यात मी एकच समजत होतो.

२६ एप्रिल

अनर्थ.

सकाळी सेटच्या हुकाचा स्क्रू निघाला. माइक टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत होतो. एकदम सेट बोलू लागला.

पहिला ज्ञानोबा. माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात: "संघोऽयं जयतान्नित्यं! माननीय, आदरणीय, प्रातःस्मरणीय चेअरमनसाहेब..." मागे पंधरावीस माणसं हसतायत. मग सगळे एका सुरात "टूंऽऽ!" आणि टाळ्या. कोणी म्हणालं, "आज प्रातःस्मरणीयवर तुटलं बे! म्या म्हनलंच व्हतं, नमस्कारापातूर जात न्हाई."

मग बद्रीनाथ. "ज्ञानोबा, आमच्या भिवराबाईला सांग, आज पाचला येतो. देवळापाशीच बसा, सावली हाय तिथं. गुरुजींनी टाइम बदलला तर कळवतो. न्हाई तर त्येच कळवतील." पुन्हा हशा.

मग इलियास. "बे, जास्त हसू नका गुरुजीला. मानूस दिलाचा साफ हाय." इलियास. त्याचा माइक कायम आरशाला अडकवलेला असतो, हुकावर नाही. त्याने पहिल्या दिवसापासून सगळं ऐकलं.

आणि मग, सगळ्या हशाच्या खाली, एक बाईचा थकलेला आवाज, छावणीतून. चतुराबाई म्हणून कोणी. "हापिस, वो हापिस. म्हातारा तापानं फणफणलाय, घोटभर पानी न्हाई. हापिस ऐकतंय का?" कोणीतरी तिला म्हणालं, "मावशे, हापिस ऐकत न्हाई. बोंबलू नगं. इलियास येतोय वळून." ती म्हणाली, "आसंल. पर सवय पडली."

मॅन्युअल काढलं. दोन परिच्छेद वाचले, जे १६ मार्चला सोडले होते. टूंऽऽ म्हणजे पोच नाही. टूंऽऽ म्हणजे तुमचं बोलणं तोडलं, बटण सोडा. आणि कोड म्हणजे गुपित नाही. इतरांना सगळं ऐकू जातं. फक्त इतरांचं आपल्याला येत नाही.

म्हणजे ज्या आज्ञा दिल्या त्यांतली एकही पोचली नाही. आणि जे कोणाला कळू नये ते अक्षर न् अक्षर पोचलं.

कोड काढून टाकला. चतुराबाईला म्हटलं, हापिस ऐकतंय. मग ज्ञानोबा घाबरून म्हणाला, "गुरुजी... नमस्कार."

२७ एप्रिल

रात्री नीट विचार केला. खोलात गेलं तर, मला अंतर्यामी हे ठाऊक असणारच. सत्य बाहेर काढण्याची माझी मूळ प्रवृत्ती यंत्रातून वाट शोधत होती. अजाणतेपणी मी केलं ते जाणतेपणी करायला धैर्य लागलं असतं; अजाणतेपणी करायला त्याहून मोठं धैर्य लागतं, कारण ते आपोआप होतं.

अंजनाला हे ऐकवलं. ती म्हणाली, "बातमी पाठवलीत का?"

पाठवली. तीन दिवस आधी. याला त्याग म्हणतात.

२९ एप्रिल

संपादकांचा फोन. म्हणाले, "गुरुजी, मोसंबीची बातमी शिळी आहे. बीडच्या स्टँडवर पानवाल्यालाही माहीत आहे. वायरलेसवर कोणीतरी येडा रोज सांगतो म्हणे. त्याची मुलाखत मिळते का बघा."

बघतो म्हटलं.

३० एप्रिल

बैठक. आत संचालक, बाहेर आवारात लिंबाखाली खापरवाडीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन. घोषणा नाहीत. फक्त अधूनमधून कोणीतरी घागरीवर नख वाजवायचं.

ठराव एकमताने: बागेची खेप बंद, खापरवाडीला रोज एक. कोणीही विषय वाचून दाखवायला सांगितलं नाही. सगळ्यांना पाठ होता.

विषय क्रमांक सात, संपर्क अधिकारी. चेअरमनसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजींचा संपर्क लई झाला." माझी बदली तूप विभागात. तूप विभागात तूप नाही, सेट नाही, खिडकी एक आहे.

बाहेर पडताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, मला झोप येत हुती म्हनून सेट बंद ठेवला. तुमी संस्कृत कमी बोलला असता तर मी येळेत सावध झालो असतो." याला प्रशंसा म्हणायचं का, ते ठरवतो आहे.

४ मे

खापरवाडीने सत्कार ठेवला. इलियास टँकरमधूनच घेऊन गेला. मी भाषण तयार केलं होतं. मुख्य मुद्दा असा, की एका पत्रकाराने पद पणाला लावून जाणीवपूर्वक सत्य कसं उघड केलं. 'जाणीवपूर्वक' या शब्दावर दोन वेळा आवाज चढवायचा होता.

छावणीच्या मांडवात एक टेबल. टेबलावर छावणीचा सेट, पुसून चकचकीत. सिंधुबाईंनी पहिला हार सेटला घातला.

म्हणाल्या, "गुरुजींचा मान मोठाच हाय. पर खरं सांगते. आमी ऐकतोय ह्ये त्यास्नी ठावं असतं तर बोलले नसते. कुनीच बोलत न्हाई. म्हनून पयला हार मशिनीला. आता गुरुजी, तुमी या."

दुसरा हार मला. ताजाच होता.

बोलायला उभा राहिलो. माणसं, बायका, मागे बैल. शांतता उत्तम. सुरुवात केली: संघोऽयं जयतान्नित्यं. मग सरपंच, मग उपसरपंच, मग मुकादम, मग उपस्थित मातृशक्ती, मग यंत्र, मग समस्त पशुधन. नेमका मुद्द्याकडे वळत होतो, "तर बंधुभगिनींनो, जाणी...", एवढ्यात सगळी छावणी एका सुरात:

"टूंऽऽ!"

आणि टाळ्या. लांबलचक, मनापासून. इलियाससुद्धा. मला खुर्चीवर बसवलं. पेढे वाटायला सुरुवात झाली.

चतुराबाई म्हणजे कोण ते तिथे कळलं. बारीकशी म्हातारी. तिने तांब्या आणून दिला. म्हणाली, "प्या. घसा कोरडा पडला आसंल लई बोलून." म्हातारा कसा आहे विचारलं. बसतोय म्हणाली, उठून बसतोय.

पाणी सकाळच्या खेपेचं होतं. घटाघटा प्यालो. मोसंबीची चव लागेल अशी उगाच शंका होती. नाही लागली.

घरी आलो. अंजनाने विचारलं, "काय बोललात?"

म्हटलं, मंगलाचरण झालं.